बाईला कळू देऊ नका

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण शेषराव कधी चुलीपुढे बसला नव्हता. त्या सकाळी भागीरथा उठली तर तो चहा गाळत होता. पहिला कप त्याने तिच्याच हातात दिला.

"काहून?" तिने विचारलं.

"असंच."

बडनेरा स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन असलेला शेषराव असंच काही करणारा माणूस नव्हता. भागीरथेने चहा घेतला, पण तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. तो दुसरीकडे बघत होता.

एकसष्टच्या दिवाळीपासून तिच्या अंगावरून लाल जात होतं. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतला एक तुकडा काढून नागपूरला पाठवला. निकाल आणायला शेषराव एकटाच गेला. परत येऊन म्हणाला, "काई नाई. अशक्तपणा हाय. टॉनिक देल्लं." त्यानंतरच हा गोडवा सुरू झाला. तो पाण्याची घागर तिला उचलू देईना. दोघी मुलींवर ओरडेना. आणि दर सुटीच्या दिवशी "बदली ड्यूटी आहे" म्हणून घराबाहेर जायचा.

शेजारची मनकर्णाबाई पदर सावरत म्हणाली, "पुरुष एकाएकी गोड झाला का बाईनं जागं राहावं, माय."

भागीरथा जागी होतीच. एका दुपारी धुण्याआधी तिने त्याच्या कोटाचे खिसे तपासले. आत निळं अंतर्देशीय पत्र निघालं. विहारातल्या बायकांच्या वर्गात ती चार वर्षांपूर्वी अक्षरं शिकली होती. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने वाचलं. अक्षर तिला 'बाई' म्हणणाऱ्या धाकट्या बहिणीचं, इंदूचं होतं. इंदू अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होती, नवरा वारून तीन वर्षं झाली होती.

'भाऊजी, मी तयार आहे. जिनातलं काम सोडलं. लेकरं आता माझीच समजा. बाईला काहीच कळू देऊ नका. येत्या ऐतवारी या.'

भागीरथेने पत्र जसंच्या तसं घडी करून खिशात ठेवलं. मग ती भाकरी थापायला बसली. तिला आता सगळं उलगडत होतं. ती आजारी बायको, इंदू तरणी आणि एकटी. तिने शेषरावला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा "असंच" म्हणाला असता.

रविवारी तो निघून गेल्यावर तिने मुलींना मनकर्णाबाईकडे ठेवलं आणि पुढच्या पॅसेंजरने अकोला गाठलं. गाडीत पोटात कळ येत होती. तिला वाटलं, ही कळ रागाची आहे.

जिनामागच्या खोलीचं दार उघडंच होतं. शेषराव खाटेवर बसला होता. इंदू खाली बसून लोखंडी पेटी भरत होती. पेटीत वर नवं लुगडं होतं.

"लगन कवाचं हाय?" भागीरथा दारातूनच म्हणाली.

इंदूच्या हातातलं लुगडं खाली पडलं. "कोनाचं लगन, बाई?"

"तुहं अन् याचं. मी वाचलं पत्र. लेकरं तुही, नवरा तुहा. मी मेल्यावर तरी कराचं होतं!"

इंदू ओक्साबोक्शी रडायला लागली. शेषरावने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "भागीरथा, तुले कॅन्सर हाय. पिशवीच्या तोंडाशी. मुंबईले न्या लागते, रेडियमचे शेक द्याले. दोन महिने. तवर पोरीले कोन पाह्यल? म्हनून दर सुटीले इंदूले मनवाले येत होतो, आज घरी न्याले आलो."

भागीरथा उंबरठ्यावरच बसली.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"आपली माय याच दुखन्यानं गेली," इंदू म्हणाली. "नाव आयकूनच तू हाय खाशील, असं वाटलं आमाले."

"दुखनं माह्यं, अन् साऱ्यायच्या शेवटी मलेच समजते?" तिला रडू येत नव्हतं. नवा संशय मात्र आला होता. हेही अर्धंच सांगत असतील. शेक कसले, मुंबईला मरायलाच नेत असतील. "मी तुमच्या दोघायवर ईश्वास ठेवत नाई. डॉक्टरीणबाईच्या तोंडून आयकीन."

दुसऱ्या दिवशी तिघं अमरावतीच्या दवाखान्यात गेले. शेषराव बाहेर थांबू लागला तर भागीरथेने त्याला आत ओढलं. "बाई, मी वाचीन का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अशा शंभर बायका मुंबईला पाठवल्या तर पन्नासेक बऱ्या होतात. तुम्ही कुठल्या पन्नासांत, ते मला आज सांगता येणार नाही."

ते ऐकून इंदूने डोळ्यांना पदर लावला. भागीरथेला मात्र महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. एवढं कडू कोणी खोटं बोलत नाही.

बाहेर आल्यावर तिने दोघांना बजावलं, "आता माह्यापासून काई लपवाचं नाई. वाईट असन तर ते पयले सांगाचं."

मुंबईत सात आठवडे गेले. रेडियम आत ठेवलं की नर्सही दुरूनच बोलायची, लवकर निघून जायची. शेषराव रजा टाकून धर्मशाळेत राहिला होता. तो भेटीच्या वेळेला रोज यायचा आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचा. "आज रक्त कमी भरलं" हेही सांगायचा. इंदूची पत्रं तिच्या नावाने यायची. त्यात पहिली ओळ वाईट बातमीची असायची. 'धाकट्या कुंदीले गोवर निघाला.' 'अवकाळी पावसानं कुड पडला.' मग खाली, 'आता बरी आहे' आणि 'शेजारच्या नत्थुजीनं कुड बांधून देल्ला.' भागीरथा ती पत्रं बोट न ठेवता वाचायला लागली.

फाल्गुनात ती परतली तेव्हा अंगावर नुसती हाडं होती. चार वर्षांची कुंदी तिला पाहून इंदूच्या मागे लपली. कितीही बोलावलं तरी येईना.

भागीरथेने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "इंदू, खरं सांगू? मले लय जळून राहिलं."

"जळू दे," इंदू म्हणाली आणि वाटीभर पेज तिच्यापुढे ठेवली. "मी आखाडीपावतर हाय. तवर खाय, ताकद आन, अन् तुही पोरगी माह्यापासून वढून घे."

आखाडी झाली तरी इंदू गेली नाही. बडनेऱ्यातच तिला शाळेत शिपाईणीची जागा मिळाली. दर सहा महिन्यांनी तपासणीला तिघं जात. सहासष्टच्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वर्षातून एकदाच या."

भागीरथेने शेषरावकडे पाहिलं, मग इंदूकडे, आणि पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे.

"पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली.