द्वारकाबाईंची सही

नगरपंचायतीवर निवडून आल्या द्वारकाबाई, पण बैठकीत खुर्ची उबवायचे ते त्यांचे मालक, उत्तरेश्वर. रस्त्यात कुणी "मेंबर!" म्हणून हाक मारली की तेच वळून बघत. बाईंनी ते चालवून घेतलं होतं. विधान परिषदेची निवडणूक लागली आणि तिथं मात्र ठिणगी पडली.

या निवडणुकीत मत जनतेचं नसतं, मेंबरांचं असतं. त्यामुळं मेंबर म्हणजे आठ दिवसांचा जावई. उत्तरेश्वरांनी अणदूरला जाऊन खंडोबापुढं भंडारा उचलला, की आमच्या घरचं मत उमेदवार भाऊसाहेबांनाच. पण मत गुप्त, ते पडलं हे भाऊसाहेबांना कळणार कसं? त्यावर तोड निघाली. निरक्षर मतदाराला सोबती आत नेता येतो. झालं! सातवी पास द्वारकाबाई अर्जावर निरक्षर झाल्या आणि सोबती म्हणून नवऱ्याचं नाव लागलं.

"तितं निस्ता अंगठा द्यायचा," उत्तरेश्वर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

बाईंना ते काळजात झोंबलं. येडशीला मामाच्या घरी शेण काढून, धुणी धुऊन त्या सातवी झाल्या होत्या.

लेक प्रतीक्षा कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आई, अमेरिकेत पूर्वी सिनेटवर कुणाला धाडायचं ते आमदारच ठरवायचे. मोंटाना नावाच्या राज्यात त्यापायी पैशांची पाकिटं वाटली. एक आमदार ती पाकिटं सगळ्यांना दाखवत भर सभेत उभा राह्यला. पुढं देशानं आमदारांकडनं ते मतच काढून जनतेला दिलं."

"त्याला भ्याव न्हाय वाटलं?"

"वाटलंच असंल. तरी राह्यला."

मतदानाच्या दिवशी तहसीलमध्ये शाईची डबी उघडूनच ठेवली होती. भाऊसाहेबांची माणसं दारात, उत्तरेश्वर पाठीशी. मतदान घेणाऱ्या साहेबांनी यादी पुढं सरकवली. "मावशी, अंगठा इथं."

बाईंनी डबी बाजूला सारली, साहेबांचा पेन मागून घेतला आणि एकेक अक्षर गोल काढत पुरं नाव लिहिलं.

"म्या सातवी पास हाय, सायेब. मला सोबती नगं. ह्यान्ला भाईर काढा."

साहेबांनी सहीकडं पाहिलं, मग उत्तरेश्वरांकडं. "बाहेर थांबा."

खरं तर नावापुढं पसंतीचा एक आकडा काढायला कितीसा वेळ लागतो? बाईंनी आत चांगली पाच मिनिटं घेतली. सात वर्षांची शाळा होती ती, वसूल नको करायला?

बाहेर उत्तरेश्वर घामानं चिंब झाले होते. "कुणाला दिलं? आगं, म्या भंडारा उचललाय! देव कोपंल!"

"भंडारा तुमी उचलला. मत माझं हुतं." बाईंनी पदर खोचला. "शपथ पाळली का मोडली, ते आता अणदूरला जाऊन खंडोबालाच इचारा. त्याला ठावं हाय आन् मला. म्या तर न्हाय सांगायची."