मुहूर्ताचे अकरा ठोके

अंबडच्या कारखान्यात प्रेस आणि पॅकिंगच्या मध्ये मी एक भिंत उभारली होती. तिच्यात एकसारखे हजार कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात रबरावर तोललेली धातूची जड गोळी. प्रेसचा ठोका कप्प्याकप्प्यातून जाताना रबरात जिरायचा. पलीकडच्या बायका निवांत बोलायच्या.

खंडेनवमीसाठी कामगारांनी यंत्रांबरोबर माझी भिंतही रंगवली. जाड ऑइल पेंट, थेट रबरावर! मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी चिडून वर ऑफिसात गेले, रंगाने कडक झालेल्या रबराचे आकडे कॉम्प्युटरवरच्या भिंतीच्या मॉडेलमध्ये घातले आणि उत्तर बघून गार पडले. ठोका आता जिरत नव्हता. भिंत तो उलटा फेकत होती, सगळा छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांमध्ये.

मी धावत खाली आले. पूजा आटोपून प्रेसवाल्या कारभारीदादांनी मुहूर्ताचे अकरा ठोके सुरूही केले होते.

"दादा, बंद करा!"

"मुहूर्त मोडू नये, मॅडम. आन् पलीकडं तर चिडीचूप हाय."

खरंच होतं. भिंतीवरच्या झेंडूच्या माळा मात्र थरथरत होत्या.

सातव्या ठोक्याला छतातून एक बोल्ट माझ्या पायाशी पडला. दादांनी तो उचलून पूजेच्या ताटात ठेवला.

"चारच राहिलेत," ते म्हणाले.