रंध्याऐवजी मूठ

बाबांच्या डोक्यावरची टोपी तिनं पुन्हा एकदा चाचपली. टोपीला आतून बटणांएवढ्या चकत्या होत्या, चकत्यांखाली गार जेल. सगळं जागच्या जागी होतं.

आजारानं बाबांचे हातपाय गेले, वाचाही गेली. उरले डोळे आणि ही टोपी. आपण हात हलवतोय अशी नुसती कल्पना त्यांनी केली, की मेंदूत उठणारे बारीक तरंग टोपी टिपायची आणि पडद्यावरचा ठिपका हव्या त्या अक्षरावर जाऊन थांबायचा. बाबा सुतार. ते मनातल्या मनात रंधा मारायचे. त्या रंध्यावर त्यांचं घरातलं सगळं बोलणं चाले. परवा तर ‘मीठ विसरलीस’ असंही त्यांनी तिला सुनावलं होतं.

पण अशी यंत्रं रुग्णांना वापरायला देणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेची तऱ्हा वेगळी. कुणी रुग्णाला मनात चेंडू फेकायला सांगे, कुणी टाळ्या वाजवायला. मग एकीचे आकडे दुसरीशी कसे जुळणार? शेवटी सगळ्यांनी मिळून एकच नियम केला: कल्पना करायची ती मूठ मिटण्याची. मुठीवर ज्याचा पडद्यावरचा पट्टा हिरव्या रेषेपर्यंत चढेल, यंत्र त्याच्याकडेच राहील.

मुठीवर बाबांचा पट्टा अर्ध्या वाटेतच बसकण मारायचा.

“बाबा,” ती त्यांच्या कानाशी पुटपुटली, “सरळ रंधा मारा. तुमच्या डोक्यात कोण डोकावायला येतंय?”

बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

“काय कानगोष्टी चालल्यात?” तपासनीस बाई आत येत हसल्या. “उत्तरं पुरवायची नाहीत हं.”

ती चटकन बाजूला सरकली. चाचणी सुरू झाली, पट्टा सरसर चढला आणि हिरव्या रेषेच्याही वर गेला.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता शेवटचा प्रश्न, हा सगळ्यांनाच विचारते. काका, मनात मूठच मिटत होतात ना? हो असेल तर एकदा डोळे मिटा, नसेल तर दोनदा.”

बाबांनी डोळे मिटले. तिनं श्वास सोडला. त्यांनी पुन्हा मिटले.

“त्यांचे डोळे कोरडे पडतात हो,” ती घाईनं म्हणाली. “उगाच फडफडतात.”

बाबांनी परत दोनदा मिटले. सावकाश, कुणालाही कळेल असे.

बाईंचा चेहरा उतरला. “मग हे मला धरता नाही येणार, काका. उद्या सकाळी एक संधी आहे. मुठीवर. तेव्हाही नाही जमलं तर...”

“यंत्र परत,” तिनंच वाक्य पुरं केलं.

बाई बाहेर गेल्या तशी ती उसळली. “झालं समाधान? मोठे हरिश्चंद्राचे अवतार. एकदाच डोळे मिटले असते तर आभाळ कोसळणार होतं?”

ठिपका हलू लागला. एकेक अक्षर धरत त्यानं वाक्य जुळवलं: ‘पुढच्या कुणाला मूठ जमली नाही, तर म्हणतील, सुताराला जमली, तुलाच कशी नाही.’

उद्या पट्टा अडला, तर बाबांचं असं बोलणं आजचंच शेवटचं, एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं.

तिनं टोपी काढली नाही. स्टूल जवळ ओढलं, बाबांच्या सैल तळव्यात आपली दोन बोटं ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून त्यांवर मिटवली.

“हे असं. आठवतंय ना? मिटा.”

पट्टा जरासा वर सरकला आणि थांबला.

“पुन्हा,” ती म्हणाली.