त्रेचाळीस घरांची फर्माईश

माझी पद्मिनी, म्हणजे रेकॉर्डवरची पॅम, चार वर्षं पॉप गायली. एक गाणं चाललं, तीन आपटली आणि कंपनीने नारळ दिला. मग ती नॅशव्हिलला जाऊन कंट्री, म्हणजे इथलं गावाकडचं संगीत, शिकली. कंट्रीवाले म्हणाले, ही पॉपवाली. पॉपवाले म्हणाले, ही गेली खेड्यात. मेले शहाणे!

शेवटी १९८६च्या मार्चमध्ये आमच्या डेट्रॉइटच्या एका रेडिओ स्टेशनने तिची कंट्री रेकॉर्ड आठवडाभर लावून बघायचं कबूल केलं. फर्माइशीचे फोन आले तर गाणं रोज लागणार, आणि तरच नवी कंपनी तिचा पूर्ण अल्बम काढणार. नाहीतर खेळ खलास.

आता आई काय हातावर हात ठेवून बसेल? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला कोणी काय रांधून आणायचं, तो कागद दरवर्षी मीच टाइप करून वाटते. तसाच स्टेशनला फोन कोणी कधी करायचा, हाही कागद वाटला. त्रेचाळीस घरं, प्रत्येकाला वार, वेळ, एक अमेरिकन नाव आणि सगळ्यांना तेच एक वाक्य. पद्मिनीला पत्ता लागू दिला नाही.

शनिवारी मॅनेजरने तिला बोलावलं. मी सोबत गेले. त्याने आलेल्या फोनांची टेप लावली.

“हॅलो, धिस इज ग्रेग. आय ॲम अ ट्रक ड्रायव्हर, अँड आय लव्ह पॅम!”

गिरीशभावजी! जवळच्या नोव्हाय गावात मोटारींचे इंजिनिअर. मग ‘बेटी’, म्हणजे आमची सीमा. तीही ट्रक ड्रायव्हर. चौथा आवाज माझा होता.

“ओळखता या लोकांना?” मॅनेजरने विचारलं. “बाहेरचं कोणी चेष्टा करत असेल, तर हे फोन वगळतो. उरतात अकरा. कंट्रीत नव्या मुलीला अकरा पुष्कळ झाले. पण घरच्यांचं काम असेल, तर रेकॉर्ड आजच बंद.”

तोंड उघडलं तर आवाज ओळखणार. मी नुसती जोरजोरात मान हलवली, नाही, नाही.

पद्मिनी माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ बघावं! मग त्याला म्हणाली, “नंबर फोर इज माय मदर.”

त्याने रेकॉर्ड पाकिटात घालून तिच्या हातात दिली.

गाडीत बसल्याबसल्या मी तिच्यावर ओरडले, “का बोललीस? नाही म्हणायला काय झालं होतं?”

“तू मला ओळखत नाहीस असं सांगत होतीस, मॉम. आय कुडन्ट वॉच इट.” मग ती हळूच म्हणाली, “इलेव्हन. अकरा लोकांनी खरंच फोन केला.”

मला ढसाढसा रडू आलं. त्या अकरांपैकी एकालाही मी ओळखत नव्हते, आणि माझ्या लेकीला फक्त तेवढेच पुरले असते.