संकष्टीची वाईन

मांडवगण फराट्याच्या मारुतरावांनी दोन एकर द्राक्षबाग काढून टाकायचं ठरवलं. बायकोला विचारून ठरवण्याची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. कारण तयार होतं. नाशिककडच्या ज्या वाईनवाल्यांना ते द्राक्षं घालत, त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की यंदाची वाईन तुरट झाली, दोष मालातच आहे.

“दसऱ्यानंतर फळासाठीची गोडी छाटणी येतीय. त्याच्या आत बाग काढायची आन् ऊस लावायचा,” मारुतराव म्हणाले. “ऊस कुणी चाखून नापास करत न्हाई.”

ही बाग पुतळाबाईंनी नऊ वर्षं सांभाळली होती. कुठली वेल कधी रुसते हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त यंदाच्या तोडणीला त्या नव्हत्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून दौंडला होत्या. परत आल्या तर बाग रिकामी. ‘कंपनीनंच घाई केली,’ असं मारुतरावांनी तेव्हा सांगितलं होतं.

“मी चाखल्याबिगर बाग निघायची न्हाई,” पुतळाबाई म्हणाल्या.

“काय चाखणार?”

“वाईन. भाजी चाखल्याबिगर कधी तुमच्या ताटात वाढली का मी?”

मारुतरावांनी आधी दाराबाहेर कुणी उभं नाही ना, ते पाहिलं. ते सोसायटीचे संचालक होते. संचालकाची बायको वाईन प्यायला नाशिकला जाते हे वाक्य पुढच्या निवडणुकीत कसं ऐकू येईल, ते त्यांना आत्ताच ऐकू आलं.

तेवढ्यात सून सुलक्षणा रांजणगावच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आली. ती तिथं क्वालिटीला होती. “आत्या बरोबर बोलत्यात, मामा,” ती हेल्मेट काढत म्हणाली. “आमच्यात रिजेक्शन आलं की आधी सॅम्पल बघत्यात, मग लॉटचं रेकॉर्ड. नुसत्या फोनवर माल भंगारात कुणी घालत न्हाई.”

“बायामाणसांनी तिथं जायचं म्हंजी कशाच्या नावाखाली?”

“तुम्ही जाता त्याच्याच,” पुतळाबाई म्हणाल्या.

संचालक मंडळ फेब्रुवारीत ठिबक सिंचनाच्या अभ्यास दौऱ्यावर गोव्याला जाऊन आलं होतं. ठिबक समुद्राच्या इतकं जवळून का पाहावं लागलं, याचा खुलासा अहवालात नव्हता. शेवटचं वाक्य मात्र होतं : ‘दौरा अत्यंत उपयुक्त ठरला.’ पुतळाबाईंनी मंडळाचा त्या दौऱ्याचा ठराव आपल्या बचत गटाच्या वहीत उतरवून घेतला, ‘ठिबक’ खोडून ‘द्राक्षप्रक्रिया’ केलं. आठ बायकांनी सह्या केल्या आणि आठही जणींनी आपण पुढच्या दौऱ्याला येऊ म्हणून सांगितलं.

जाणकार म्हणून केडगावच्या प्रेमाबाईंना फोन गेला. निवृत्त नर्स, पुतळाबाईंची जुनी मैत्रीण. ख्रिश्चन म्हणजे वाईनमधलं कळत असणार, हे गटानं एकमतानं धरून चाललं होतं.

“अहो पुतळाबाई, आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षांचा रस असतो, उकळलेला!” प्रेमाबाई म्हणाल्या. “तीस वर्षं मीच उकळतीय. वाईनचा थेंब माहीत नाही मला.”

“रस तर माहिती हाय ना? मग या.”

राहिली तारीख. इथं मारुतरावांना जोर आला. ते कॅलेंडर घेऊनच बसले. “गणपतीत न्हाई जमायचं. नवरात्रात नावच काढू नका. मधी पितृपक्ष, त्यात शुभ काम करत न्हाईत. म्हंजी बघा, दिवसच न्हाई.”

“वाईन शुभ हाय व्हय?”

“शुभ कशी आसंल?”

“मग पितृपक्षातच चालती,” पुतळाबाई म्हणाल्या.

सुलक्षणाची सुट्टी बुधवारची. वाईनरीचं बुकिंगही बुधवारचंच मिळालं. बुधवार नक्की झाला, भाड्याची क्रूझर गाडी सांगितली आणि मग मारुतरावांनी कॅलेंडरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर दुःख होतं, पण आत बरंच समाधान होतं. “संकष्टी हाय त्या दिवशी. तुमचा उपास.”

पुतळाबाईंनी सव्वीस वर्षांत एकही संकष्टी मोडली नव्हती. त्यांनी गटाची वही मिटली. मारुतरावांनी उसाच्या बेण्यासाठी फोन हातात घेतला.

सुलक्षणा मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होती. “आत्या, तिथं चाखणारे वाईन गिळतच न्हाईत. तोंडात घोळवायची, चव घ्यायची आन् थुंकायची. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं.”

“पोटात जात न्हाई?”

“थेंबभर न्हाई.”

“मग उपास कुठं मोडला? बेण्याला फोन नका करू. आन् तुम्ही पण चला, गटाला पुरुषाची सोबत पायजे.”

बुधवारी वाईनरीत एका लांब टेबलावर ग्लास मांडले. मारुतरावांनी पहिला ग्लास तीर्थासारखा घेतला, दुसरा पाण्यासारखा, आणि दोन्ही ‘एक नंबर’ ठरवले. पुतळाबाईंनी पदर सावरला, घोट घोळवला आणि भांड्यात नेमका थुंकला. वाढणारा अधिकारी हरखला. “ताई, इथं शंभरातला एखादा असं शास्त्रशुद्ध चाखतो!”

“संकष्टी हाय,” पुतळाबाई म्हणाल्या. “आता आमच्या मालाची आणा.”

टाकीतून काढलेली वाईन आली. पुतळाबाईंनी ती तोंडात बराच वेळ ठेवली. थुंकल्या. पुन्हा घेतली. मारुतराव ग्लास हातात धरून उभे होते.

“तुरट हाय,” त्या म्हणाल्या. “फोनवरचा माणूस खोटं बोलला न्हाई. पण हा वेलीचा दोष न्हाई. कच्ची तोडलीत. प्रेमाबाई, बघा.”

प्रेमाबाईंनी ओठ लावले. “व्हय. द्राक्षं आठ दिवस अलीकडं तोडली की उकळलेला रस पण असाच जीभ धरतो.”

“लॉटचं रेकॉर्ड दाखवा,” सुलक्षणा अधिकाऱ्याला म्हणाली. त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं आणि मोठ्यानं वाचलं : “अकरा फेब्रुवारी. साखर थोडी कमी. शेतकऱ्याच्या विनंतीवरून गाडी लवकर पाठवली.”

“तुम्ही तर कंपनीनं घाई केली म्हणाला होता,” पुतळाबाई नवऱ्याकडं वळल्या. “गोव्याला कवा गेला?”

मारुतरावांनी तिसरा ग्लास टेबलावर ठेवला. भरलेलाच.

“बारा तारखेला,” ते म्हणाले. “रिझर्व्हेशन झालं होतं.”

परतीच्या वाटेवर क्रूझरनं संगमनेर मागं टाकलं. मग पुतळाबाईंनी गटाची वही सुनेच्या मांडीवर ठेवली.

“लिही. दौरा उपयुक्त ठरला.”

“अत्यंत लिहू का, आत्या?”

“लिही.” मग पुढच्या सीटकडं बघत त्या म्हणाल्या, “अहो, छाटणीची माणसं सांगून ठेवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीपासून.”

“सांगतो.”

“आन् येत्या फेब्रुवारीत संचालक मंडळ कुठं जायचंय?”



“मंडळ जाईल केरळला,” मारुतराव म्हणाले. “मी तोडणीला हाय.”