बुजवलेली जंगी

कुण्या लॉर्डसाहेबाने स्कॉटलंडच्या डोंगरात बांधलेला हा शिकारबंगला म्हणजे निव्वळ सोंग होतं. बुरूज काय, चर्या काय, भिंतीत बंदुका रोखायच्या अरुंद फटी, म्हणजे जंग्या काय! सगळा थाट किल्ल्याचा, आणि लढाई कुणाशी, तर हरणांशी. हेक्टर आणि इशबेलने तो विकत घेऊन त्याचं घर केलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात दोघं कुडकुडून गेली. हेक्टरचं तर वाऱ्याशी उभं वैर. "दार लाव गं, इशबेल!" हे दिवसातून वीसदा. शेवटी त्याने मर्डो गवंड्याकडून बुरुजातल्या खोलीला खिडकी म्हणून असलेली एकुलती एक जंगी दगडांनी बुजवून घेतली आणि तिथेच पलंग टाकला.

त्याच पलंगावर नोव्हेंबरात तो गेला. माणूस गेलं की खिडकी उघडून जिवाला वाट करून द्यायची, ही तिथली रीत. इशबेल उठली आणि भिंत चाचपडत राहिली. उघडणार काय, कपाळ?

तेव्हापासून घरातली दारं आपोआप लागू लागली. हळूच, आवाज न करता, अगदी हेक्टर लावायचा तशी. इशबेल घाबरली नाही. उलट मुद्दाम दारं उघडी टाकायची आणि ती लागली की गालात हसायची. मर्डो तीनदा छिन्नी-हातोडा घेऊन आला. तिन्ही वेळा तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"अगं, अडकवून ठेवलायस त्याला," मर्डो म्हणाला. "ते दगड माझ्या हातचे आहेत. मला झोप लागत नाही."

"तुझ्या झोपेपायी मी माझा नवरा घालवू होय रे?"

पण फेब्रुवारीत दारं दमायला लागली. अर्ध्यावर थांबायची, थरथरायची, मग पुन्हा सरकायची. शेवटच्या आजारात जिना चढताना हेक्टर असाच मध्ये मध्ये टेकायचा. एका दुपारी स्वयंपाकघराचं दार तसंच अडलं, आणि इशबेलला ते बघवेना. तिने स्वतः जाऊन मर्डोला बोलावून आणलं.

शेवटचा दगड निघाला तसा बोचरा वारा आत घुसला.

"काच बसवू?" मर्डोने विचारलं.

"नको. राहू दे उघडी."

मर्डो गेल्यावर तिने चहा केला आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून समोर बसली. चहा निवला. दिवस कलला. दार होतं तसंच होतं.

"लाव ना रे," ती म्हणाली, "थंडी वाजतेय मला."