मच्छीमार सुटले त्या दिवशी

प्रियांका परराष्ट्र खात्यात होती. आई केशरबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून रजा टाकून ती नौपाड्यात आलेली, पण फोन काही दिल्लीत ठेवून येता आला नव्हता.

समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशाने आसपासच्या देशांच्या बोटी पकडायचा सपाटा लावला होता. त्याच्याशी एकेकट्याने बोलायचं नाही, असं भारत धरून तीन देशांनी ठरवलं होतं. ही मोट बांधता बांधता प्रियांकाची काही वर्षं गेली होती.

क्लिनिकमध्ये आई आत व्यायाम करत असताना एका मित्रदेशाच्या सचिवबाईंचा फोन आला.

"आमचे मच्छीमार सोडले त्यांनी. सगळे. अट काहीच नाही."

"बरं झालं," प्रियांका म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. त्या माणसांसाठी तीही बैठकांमधून भांडली होती.

"आमच्या मंत्र्यांना भेटीला बोलावलंय. आता त्या देशाविरुद्धच्या आपल्या तिघांच्या निवेदनावर सही कशी करायची? बंदरावर बायका माणसं सोडणाऱ्यांना दुवा देतायत. तूच सांग, मी काय करू?"

हे तिघांची मोट फोडायला चाललंय, ते दोघींनाही कळत होतं.

परतताना रिक्षात केशरबाईंनी विचारलं, "माणसं घरी पोचली ना? मग तोंड का पाडून बसलीस?"

"आपली अजून त्यांच्या तुरुंगात आहेत, आई."



घरात पाऊल टाकते तोच दिल्लीहून साहेबांचा फोन. भारतालाही वेगळं बोलावणं आलं होतं, भाषा फार गोड होती. "आपलीही माणसं सुटतील. जायला हवं."

"आणि तिसऱ्या देशाला?"

"त्यांना काही आलेलं नाही. तू कळव. तुझं ऐकतात ते."

आईला पलंगावर बसवून, पायाखाली उशी सरकवून तिने फोन लावला. तिसऱ्या देशाचे वयस्कर अधिकारी खुशीत होते. निवेदनाचा मसुदा त्यांनी जागून लिहिला होता. शेवटचा परिच्छेद वाचून दाखवू का, म्हणाले.

"वाचा," प्रियांका म्हणाली. त्यांचं वाचून होईपर्यंत ती थांबली. मग भारतही वेगळा बोलायला जातोय, ते सांगितलं.

पलीकडे कागद मिटल्याचा आवाज आला.

"तुमची माणसं सुटतायत," शेवटी ते म्हणाले, "चांगलं आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.